दूरदर्शनवरची ‘ती’ मालिका

साडेदहाला ग्रंथालयाचा संदर्भ विभाग उघडला तेव्हा परळच्या एका शाळेतल्या विज्ञानाच्या बाई दारातच उभ्या होत्या. हातात चिठ्ठी: ‘दूरदर्शन, मराठी मालिका, 1982च्या आसपास, विज्ञानाचा इतिहास, नाव भारत-काहीतरी.’ सातवीच्या मुलांना दाखवायला ती हवी होती. “ज्ञानदीपमध्येच असणार. तेवढं नक्की करून द्या,” म्हणाल्या.

‘ज्ञानदीप’ हा मुंबई केंद्राचा आकाशानंद निर्मित कार्यक्रम. लहानपणी पाहिलेलं बोधपर काहीही त्याच्या खात्यावर जमा होतं. पुण्याच्या बालचित्रवाणीचंही तसंच. म्हणून ‘मराठी’ हा शब्द मी कधीच पुरावा धरत नाही. आठवण भाषांतर करून ठेवते. हिंदीत ऐकलेलं आपण घरी मराठीत सांगतो आणि तेच लक्षात राहतं.

अशा चौकशीत एक पथ्य कटाक्षाने पाळावं लागतं: आपण नाव सुचवायचं नाही. ‘टर्निंग पॉइंट तर नव्हे?’ एवढं विचारलं तरी समोरच्याला त्या विज्ञान-कार्यक्रमाचे सूत्रधार गिरीश कार्नाड दिसायला लागतात, आणि मग खरं आठवलेलं कुठलं नि सुचवलेलं कुठलं हे वेगळं करता येत नाही. आधी सगळं त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यायचं. बाईंनी सांगितलं: दगडाची हत्यारं, एक गंभीर मंत्रासारखं शीर्षकगीत, मधूनच नेहरू बोलतात, चित्र काळंपांढरं, रविवार.

काळ्यापांढऱ्या चित्रावरून साल ठरत नाही. भारतात रंगीत प्रक्षेपण 1982 साली आलं, पण नंतर कित्येक वर्षं घरोघरी जुने संच होते आणि त्यांवर रंगीत कार्यक्रमही काळेपांढरेच दिसत. बाईंचं 1982 बहुधा इथूनच आलं होतं.

साल विचारूच नये, खूण विचारावी. रामायणाच्या वेळची की महाभारताच्या? याला कुणीही अडखळत नाही. रामायण जानेवारी 1987 ते जुलै 1988, महाभारत ऑक्टोबर 1988 ते जून 1990. दोन्ही रविवारी सकाळी. बाई लगेच म्हणाल्या, “महाभारत. माझं दहावीचं वर्ष होतं.” गुणपत्रिकेवर मार्च 1989. सात वर्षांची चूक एका प्रश्नात निघाली.

पुढचा प्रश्न, मुंबईबाहेर कुणी पाहिली होती का? सुट्टीत साताऱ्याला मामाकडेही पाहिल्याचं त्यांना आठवलं. मुंबईची दुसरी वाहिनी तिथे दिसत नसे, म्हणजे तीही गळली. आता राष्ट्रीय प्रसारण आणि बहुधा हिंदी, असा अंदाज धरून शोध सुरू केला.

मग वर्तमानपत्रांच्या बांधीव फायली. त्या काळचा कागद तपकिरी होऊन कडेने चुरा होतो. पान कोपऱ्याला धरून उलटलं की तुकडा हातात येतो, तळहात खालून सरकवून उचलावं लागतं. कार्यक्रमांचा रकाना दोन बोटांचा, नावं आखूड केलेली, कधी नुसतंच ‘हिंदी मालिका’. शिवाय छापलेला कार्यक्रम लागलाच असं नसतं. क्रिकेटचा सामना किंवा राष्ट्रीय दुखवटा असला की सगळं बदलायचं. त्यामुळे एका तारखेवर विसंबून चालत नाही. एकच नाव वेगवेगळ्या आठवड्यांत आणि दोन वर्तमानपत्रांत दिसलं तरच मी ते टिपतो.

दुपारपर्यंत ‘भारत’ने सुरू होणारी दोन नावं हाती होती. गुंता खरा तिथे होता. ‘भारत एक खोज’ नोव्हेंबर 1988मध्ये सुरू झाली. श्याम बेनेगल यांच्या या मालिकेचे 53 भाग, आधार नेहरूंच्या ग्रंथाचा, नेहरूंच्या भूमिकेत रोशन सेठ. दुसरी ‘भारत की छाप’, 1989 सालची, चंदिता मुखर्जी यांनी दिग्दर्शित केलेली, 13 भागांची. विषय अश्मयुगापासून आजपर्यंतचा भारतातल्या विज्ञान-तंत्रज्ञानाचा इतिहास. ही मालिका मुंबईतच घडली, आणि तिची आठवण इतकी थोडी राहावी याचं मला फार वाईट वाटतं.

नावं न सांगता चार मालिकांची सुरुवात ऐकवली. यातल्या दोन मुद्दाम चुकीच्या होत्या. माणूस नुसता होकार भरत असेल तर तो तिथे पकडला जातो. चुकीच्या दोन्हींना बाईंनी नकार दिला. ‘भारत एक खोज’चं शीर्षकगीत, म्हणजे ऋग्वेदातलं नासदीय सूक्त, सुरू होताच डोळे मिटून म्हणाल्या, “हीच.” मग ‘छाप’चा अश्मयुगाचा भाग लावला. पाचेक मिनिटं त्या काहीच बोलल्या नाहीत. नंतर हळूच म्हणाल्या, “अहो, दगड तर इथे आहेत. मग नेहरू कुठून आले?”

गाणं आणि नेहरू एका मालिकेतले, विज्ञान दुसरीतलं. काळ जवळचा, नावाचा पहिला शब्द एकच. दोन्ही मिळून मनात एक मालिका झाली होती. वर्गात दाखवायला त्यांना हवी होती ती ‘छाप’.

संध्याकाळी वहीत नोंद केली. खऱ्या नावाखाली बाईंची मूळ चिठ्ठीही जशीच्या तशी उतरवली: मराठी, 1982, ज्ञानदीप, नेहरू. पुढचा विचारणारा याच खुणा घेऊन येईल, आणि वहीत शोधायचं ते याच शब्दांखाली.