कच्चा टाका

मास्तर शिलाईचं काम करणारे. तिरळेपणाची पहिली शस्त्रक्रिया लहानपणी झालेली. पंचेचाळिशीत डोळा पुन्हा बाहेर सरकला आणि दोरा ओवताना सुया दोन दिसू लागल्या. मी समजावत होते, की स्नायू मागे नेऊन सुरगाठीवर ठेवू, तुम्ही शुद्धीत आलात की दोन दिसतंय का विचारून दोरा सरकवू, मग गाठ पक्की करू. ते म्हणाले, "म्हणजे कच्चा टाका मारून ट्रायलला बोलावणार." इतक्या वर्षांत मला हे इतकं नीट सांगता आलं नव्हतं.

आधी हात लागलेला डोळा वैताग आणतो. बाहेरचा स्नायू पांढऱ्या कवचाला घट्ट चिकटलेला. बोथट कात्रीने सोडवायला पाऊण तास गेला. घाईत मागचं आवरण फाटून खोबणीतली पिवळी चरबी डोकावली, की संपलं. त्या चरबीची चिकटण सोडवायला गेलं तर आणखी वाढते. रक्तही वैरीच. म्हणून बारीक वाहिन्या हलकेच डागल्या. जास्त डागलं तर भाजलेली जागाही चिकटते. शेवटी स्नायूखाली सोडियम हायलुरोनेटचं जेल सोडायचं होतं, थर थोडे दिवस तरी वेगळे राहावेत म्हणून. खात्रीचा उपाय तोही नव्हे, पण हाताशी तेवढाच. स्टोअरचं उत्तर आलं: मोतीबिंदूवाले मिथाइलसेल्युलोजवर भागवतात, तुम्हालाच महागडं कशाला? मग त्याविनाच ६-० व्हिक्रिलची, विरघळणाऱ्या बारीक दोऱ्याची, सुरगाठ मारली आणि बाहेर आले.

संध्याकाळी डोळा १२ प्रिझम (तिरळेपणा मोजायचं एकक) आत वळलेला, म्हणजे गरजेपेक्षा जास्त. भूल पुरती उतरली नव्हती, एकदा "एक" म्हणत, एकदा "दोन". सकाळी बघू, म्हटलं. डे-केअरच्या पॅकेजात रात्रीची खाट बसत नाही, मास्तर गावी गेले. रात्री धो धो पाऊस, गगनबावड्याकडची एसटी बंद. आले ते तिसऱ्या दिवशी.

बधिरतेचे थेंब टाकून दोरा ओढला. स्नायू हलेना. आणखी ओढला तर मास्तर घामाघूम, स्नायूवरच्या ताणाने नाडी ४८ वर उतरली. सोडून दिलं. गाठ होती तिथेच बांधली, चष्म्यावर फ्रेनेल प्रिझम चिकटवला, दोन प्रतिमा जुळवणारी पातळ पट्टी.

"ट्रायल चुकली म्हणायची," मास्तर म्हणाले. "उसवता येतं ना, मॅडम?"

"सहा आठवडे जाऊ देत, मास्तर."

स्टोअरवर मी चिडले, पॅकेजवर चिडले. पण केसपेपरवर माझ्याच अक्षरात आहे: सायंकाळी ६.४०, सकाळी ॲडजस्टमेंट. आठपर्यंत वॉर्डात बसायला मला कुणी अडवलं नव्हतं.