डोंगरावर सायकल नेमकी कधी काढायची?

पहिला पाऊस पडला की हा प्रश्न येतोच. "येऊर हिरवंगार झालंय, खारघरच्या टेकडीवर ढग उतरलेत, आता एमटीबी (डोंगरी वाटांची सायकल) काढायची ना?" आणि ऑक्टोबरात गवत पिवळं पडायला लागलं की विचारणारी हीच मंडळी सायकलवर कापड टाकून मोकळी होतात. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: बरोब्बर उलटं करा.

ठाणे-नवी मुंबईत कच्च्या वाटेचा हंगाम साधारण ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात सुरू होतो आणि फेब्रुवारीअखेर उतरणीला लागतो. पण तारखेपेक्षा मातीला विचारलेलं बरं. वाटेवरची मूठभर माती उचला, घट्ट दाबा आणि मूठ उघडा. गोळा होऊन बोटांना चिकटली तर परत फिरा. गोळा झाला, पण अंगठ्याने टोचताच फुटला, तर ती माती टायरला सगळ्यात छान धरते. त्या दिवशी ऑफिसला दांडी मारावी अशी वाट असते. आणि मूठ उघडताच सगळं भुरभुर खाली गेलं, तर उन्हाळा लागला समजा, वळणावर वेग कमी ठेवा.

चिकट मातीत सायकल घालू नका असं सांगतो ते केवळ सायकलच्या काळजीपोटी नाही. ओल्या वाटेवर टायरची दोन इंची चाकोरी उठते. पुढच्या सरीचं पाणी त्याच चाकोरीतून धावतं, महिन्याभरात तिची घळ होते, मग लोक घळीला वळसा घालून बाजूचं गवत तुडवतात. या वाटा आपल्यासाठी पाडलेल्या नाहीत. त्या पाड्यांवरच्या माणसांच्या आहेत, शेताकडे, शाळेकडे आणि बाजाराकडे जाणाऱ्या. डोक्यावर ओझं घेतलेलं माणूस समोरून आलं तर सायकलवरून उतरून वाट द्यायची.

पावसाळ्यात अगदीच राहवत नसेल तर दगडी किंवा पक्की चढण निवडा. खारघरच्या टेकडीवर फणसवाडी-चाफेवाडीकडे जाणारा रस्ता दमसास वाढवायला उत्तम. पांडवकडा धबधब्याच्या बाजूला मात्र वळू नका. तिथे पावसाळ्यात बंदी असते आणि ती माणसं बुडाल्यामुळेच आलेली आहे. येऊरला गावाचा डांबरी रस्ता सोडू नका. आजूबाजूचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं आहे आणि राष्ट्रीय उद्यानात विनापरवाना शिरणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे, मग पायी जा की सायकलवर. तिथे बिबट्याचा वावर आहे, म्हणून पुरतं उजाडल्यावरच निघा आणि अंधार पडायच्या आत खाली या. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: आपला काळा कातळ कोरडा असला की टायर घट्ट धरतो, पण हिरवट चकाकी दिसली की ते शेवाळ. त्यावर ब्रेक लावायचा नाही आणि हॅण्डल वळवायचं नाही. वेग आधीच कमी करून सरळ रेषेत पार व्हायचं.

पावसात सगळ्यात आधी मरतात ते ब्रेक पॅड. कातळाची बारीक कच पाण्याबरोबर रोटरवर, म्हणजे पॅड जिला चिमटतात त्या चाकावरच्या धातूच्या चकतीवर, चढते आणि पॅडला सँडपेपरसारखी घासते. नव्या सायकलसोबत बहुधा येणारे रेझिन पॅड मऊ असतात; डिसेंबरात कित्येक महिने टिकलेली जोडी जुलैच्या एखाद-दुसऱ्या लांब उतारात संपू शकते. म्हणून पावसाळ्यापुरते मेटल पॅड बसवावेत, पण आधी रोटरवर काय कोरलंय ते वाचा. स्वस्त सायकलींच्या रोटरवर बऱ्याचदा 'रेझिन पॅड ओन्ली' असं असतं. त्यावर मेटल पॅड लावले तर पॅड टिकतील, रोटर झिजेल.

पॅड तपासायला चाक काढा, पिन किंवा ॲलन कीचा बोल्ट सोडवा आणि पॅड बाहेर ओढा. मागची धातूची पट्टी सोडून वरचा थर बघायचा. अर्धा मिलिमीटर ही शेवटची मर्यादा. पावसात एक मिलिमीटर उरला की मी बदलाच म्हणेन. चाक बाहेर असताना ब्रेकचा लिव्हर चुकूनही दाबू नका, पॅडला ढकलणारे पिस्टन पुढे येतात आणि मग रोटर आत जात नाही. नवे पॅड जाडसर असतात, तेव्हा जुने पॅड आत ठेवूनच प्लॅस्टिकच्या टायर लिव्हरने पिस्टन हळूहळू मागे ढकलायचे. नवे बसवल्यावर सपाट रस्त्यावर वेग घ्या आणि एकेक ब्रेक दाबून चालण्याच्या गतीपर्यंत या, पूर्ण न थांबता, असं पंधरा-वीस वेळा. हे केलं नाही तर ब्रेक किंचाळतो आणि लोक दोष देतात पॅडला. चेनवर स्प्रे मारताना रोटरवर तुषार उडाले तरीही तेच होतं. रोटर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसता येतो, पण तेल प्यायलेले पॅड फेकूनच द्यावे लागतात.

घरी आल्यावर चिखल सुकायच्या आत साध्या पाण्याच्या बादलीने आणि मऊ ब्रशने धुवा. गाड्या धुतात त्या सर्व्हिस सेंटरचा जेट सायकलवर मारू नका. तो हबच्या आणि पेडलच्या बेअरिंगमधलं ग्रीस बाहेर काढून तिथे पाणी भरतो. सीटपोस्ट (सीटखालची नळी) उपसून सायकल उलटी धरा. फ्रेममधून कधी कधी कपभर पाणी निघतं. चेन फडक्याने कोरडी करून दाट, ओल्या हवेचं तेल प्रत्येक कडीवर एक थेंब द्या आणि वरून पुसून घ्या. खाडीकाठच्या दमट हवेत ओली ठेवलेली चेन सकाळपर्यंत तांबूस होते.

ऑक्टोबरात माती जमून येते, पण गवत कमरेएवढं असतं आणि त्याखाली दगड दडलेले असतात. पहिली फेरी सावकाश, वाट पाहून घेण्यापुरती. गवताच्या काड्या मागच्या डीरेलरच्या, म्हणजे गिअर बदलणाऱ्या यंत्रणेच्या, छोट्या चाकांत गुंडाळल्या जातात. तशाच जोर लावून पेडल मारलं तर डीरेलर धरणारा हँगर वाकतो. तो प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो आणि ऐनवेळी जवळच्या दुकानात मिळत नाही, म्हणून एक सुटा हँगर पिशवीत असू द्या.

हिवाळ्याबद्दल फार सांगायला नको, फक्त टायरमधली हवा नीट ठेवा. साधारण 70 किलोच्या माणसाला सव्वादोन इंची ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेल्या) टायरमध्ये पुढे 22 आणि मागे 25 पीएसआय (हवेचा दाब) पासून सुरुवात करता येते. ट्यूब असेल तर 28 आणि 32. त्याखाली गेलात तर दगडाच्या कडेवर ट्यूब रिमशी चिरडते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. दुकानदार 50 भरून देतो. त्या हवेवर सायकल डोंगरात उड्या मारते आणि माणूस समजतो, आपल्याला जमत नाही.

मार्चनंतर कडक जमिनीवर सुट्या मुरमाचे खडे छर्‍यांसारखे लोळतात. सागाच्या वाळलेल्या पानांखाली काय आहे ते दिसत नाही. अशा जमिनीवर पुढचा ब्रेक वळणाआधीच सोडायचा. बाभळीच्या आणि बोरीच्या काट्यांचाही हाच मोसम. ट्यूबलेसमधलं सीलंट (भोक आपोआप बुजवणारं द्रव) उकाड्यात दोन-तीन महिन्यांत वाळून पापडी होतं आणि काटा लागेपर्यंत त्याचा पत्ता लागत नाही. चाक कानाशी धरून हलवा. आत खळखळ ऐकू आली नाही तर व्हॉल्व्हचा कोअर काढून 60 मिलिलिटर भरा. सकाळी सहाला निघून नऊच्या आत खाली या. तासाला लिटरभर पाणी लागतं, ओआरएसची पुडी वेगळी.

मेच्या शेवटच्या आठवड्यात सायकल एकदा उघडून घ्या. हेडसेटच्या (हॅण्डल जिथे फिरतं त्या सांध्याच्या) बेअरिंगला आणि सीटपोस्टला ताजं ग्रीस लावा. पेडल काढून आटे पुसून ग्रीस लावताना ध्यानात असू द्या की डावं पेडल उलट्या आट्याचं असतं. चेनची झीज गेजने (मोजपट्टीने) मोजा: 11 किंवा 12 गिअरची चेन 0.5 टक्के ताणली की बदला, नाहीतर पावसात ती महागडी कॅसेटही (मागच्या दातेरी चक्रांचा संच) खाऊन टाकते. फोर्कच्या (पुढच्या चाकाचे धक्के झेलणाऱ्या दांड्यांच्या) खालच्या नळ्यांचं तेल 50 तास चालवल्यावर बदलायचं असतं. ते काम मेकॅनिककडे द्या, आणि मेमध्येच द्या, कारण जूनमध्ये तिथे रांग लागते.