पाण्याने भरलेले दोन कॅन

दसरा उलटला की आमच्या अमळनेर भागात शेतरस्त्यांवर काळ्या मातीचा फुफाटा उडतो. गॅरेजवर चेनच्या तक्रारी वाढतात त्या याच दिवसांत. तशातच एका सकाळी आप्पा दूधवाले मोटारसायकल ढकलत आले.

"भाऊ, हाई तिसरी चेन शे आठ महिनामा. मी तं रोज तेल टाकस."

कव्हर खोललं. चेनवर काळा चिखल बसलेला, मागच्या सॉकेटचे, म्हणजे चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चक्राचे, दाते एका बाजूला वाकून आकड्यासारखे झालेले. तेल कुठलं, विचारलं. ट्रॅक्टरचं जळकं ऑइल. त्यात इंजिनाची झीज असते, काजळी असते, वरून शेतातली माती चिकटते. म्हणजे चेनला रोज पॉलिश पेपरच लागत होता. चेन 'लांबते' म्हणतात, पण तिच्या पट्ट्या ताणल्या जात नाहीत. आतली पिन आणि तिच्यावरची बुश झिजते, शंभरावर कड्यांची ती बारीक झीज एकत्र झाली की चेन लोंबते.

एवढ्यावर मी चेन-सॉकेटचा नवीन सेट टाकून मोकळा झालो असतो. पण पुढच्या सॉकेटमागून ऑइल पाझरलेलं दिसलं. तिथलं सील गेलं होतं, बेअरिंगही आवाज करत होती. जळक्या ऑइलने असं होत नाही. ते सॉकेट ज्यावर बसतं त्या गिअरबॉक्सच्या शाफ्टला कुणीतरी सतत मागे ओढत असलं तरच होतं.

सेट बदलला, नवं सील बसवलं, चेन नेहमीसारखी टाईट केली. बोटाने जेमतेम एक सेंटिमीटर हलेल इतकी. आप्पांना चेन कव्हरला आपटलेली खपायची नाही म्हणून मागच्या दोन्ही वेळी मीच तशी ठेवली होती. नट आवळता आवळता हात थांबला. आप्पा ही गाडी रिकामी कधी चालवतात?

त्यांचे ४० लिटरचे दोन्ही कॅन नळाखाली धरले, पाण्याने भरून गाडीला अडकवले. आप्पांना सीटवर बसवलं, पोराला गाडी धरायला लावली आणि कव्हरच्या रबरी बुचातून बोट घातलं. चेन वीणेच्या तारेसारखी ताठ! हलेचना.

शॉकअप दबला की मागचं चाक वर सरकतं. पुढचं सॉकेट, स्विंग आर्मचा (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा) बोल्ट आणि चाकाचा अ‍ॅक्सल एका रेषेत आले की दोन्ही सॉकेटांतलं अंतर सर्वांत जास्त होतं. चेन तेवढीच राहते, ढील संपते. पुढे प्रत्येक खड्ड्याचा झटका पिनांवर आणि गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर जातो. अशा गाड्यांना २० ते ३० मिलिमीटर ढील सांगितलेली असते ती याचसाठी, आणि मी ती आवाजापायी खाऊन टाकली होती.

आप्पा ऐकत होते. हळूच म्हणाले, "तुम्हीच ताणी दिन्ही व्हती ना, भाऊ." आवाजात राग नव्हता, त्यामुळे जास्त लागलं.

कॅन उतरवून ढील ३० मिलिमीटरवर आणली. चाक फिरवून चार ठिकाणी तपासली, कारण चेन सगळीकडे सारखी नसते. कॅन पुन्हा चढवले. आता भरल्या गाडीवरही चेन बोटाने खाली-वर होत होती. मग आप्पांना तेल घालायला शिकवलं. आधी रॉकेल आणि मऊ ब्रश, पेट्रोल नाही. चेन कोरडी पुसून नव्वद नंबरचं गिअर ऑइल खालच्या पट्ट्याला आतल्या बाजूने, चाक हाताने फिरवत. थोडं मुरू द्यायचं, वरचं पुसून घ्यायचं. इंजिन बंदच हवं. चालू गाडीत फडकं धरून बोटं गेलेली माणसं मी पाहिली आहेत.

मजुरी घेतली नाही. सीलचे पैसेही माझेच.

आप्पा गेल्यावर कॅनमधलं पाणी निंबाला घातलं, जुनी वही काढली आणि ज्या-ज्या दूधवाल्यांच्या, भाजीवाल्यांच्या चेनी मी अशाच ताणून दिल्या होत्या त्यांना एकेक करून फोन लावायला बसलो.