आमची वाटचाल : बारा जणांचा गाण्याचा वॉक

हेरिटेज वॉक म्हटलं की लोकांना कमानी, घुमट आणि दगडी सिंह हवे असतात. मुंबईत ते भरपूर आहेत, आणि फोर्टात त्यांवर पोट भरणारेही भरपूर. गाण्याच्या वॉकमध्ये दाखवायला जवळजवळ काहीच नसतं. भेंडीबाजार घराणंच घ्या. छज्जू खाँ, नजीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ हे मुरादाबादकडचे भाऊ तिथे येऊन राहिले, म्हणून घराण्याला त्या वस्तीचं नाव पडलं. आज तिथे पुनर्विकासाचे टॉवर. लोक मान वर करून विचारतात, "मॅडम, त्यांचं घर कुठलं?" घर नाही, मेरुखंडाच्या, म्हणजे तेच स्वर क्रम बदलत गायच्या, सरगमी आहेत, त्या ऐका, असं सांगून पैसे घ्यायला छाती लागते.

ती छाती माझ्याकडे नव्हती, पेटीवाल्या काकांकडे होती. काका गिरगावात बाजाच्या पेट्या दुरुस्त करायचे. मी माझ्या बाबांची पेटी घेऊन त्यांच्याकडे गेले आणि तासभर तिथेच बसले, एवढीच आमच्या भागीदारीची सुरुवात. कागदोपत्री करार कधी झाला नाही. वॉकचा पहिला थांबा त्यांचं दुकान. भाता उघडून ते सुरांची पट्टी बाहेर काढत आणि कानशीचा हलका हात मारून दाखवत: सूर चढवायचा तर पातीच्या टोकाकडे खरवडायचं, उतरवायचा तर बुडाकडे. खर्ज आणि नर, म्हणजे खालच्या आणि वरच्या सप्तकाच्या पात्या, एकत्र वाजले की आधी लाटा ऐकू येत, मग त्या विरत जात. मग काका मान न उचलता म्हणत, "आता चला, कान उघडले तुमचे." पुढचे दोन तास मला फारसं बोलावं लागत नसे.

आमचं दुसरं भांडवल म्हणजे चोरबाजारातून घेतलेला चावीचा ग्रामोफोन, एचएमव्ही १०२. सुटकेससारखा बंद होतो, वीज लागत नाही आणि आवाज बारा माणसांपुरताच जातो. हा शेवटचा गुण ब्लूटूथ स्पीकरवाल्यांना कळणार नाही. ज्यांना हे काम करायचंय त्यांनी ऐकून ठेवा: पोलादी सुई एका बाजूला एकदाच. पैसे वाचवायला तीच सुई पुन्हा लावलीत तर तबकडीवरची खाच खाल्ली जाते. सुई बसते त्या साउंडबॉक्सचं रबर कडक झालं असेल तर आधी ते बदला, मग आवाजाला नावं ठेवा. आणि लाखेची तबकडी एप्रिलच्या उन्हात कट्ट्यावर ठेवू नका, पापड होतो. तीन मिनिटांत गायिका केसरबाई केरकर काय करून जातात हे फुटपाथवर उभं राहून ऐकलेला माणूस मोबाइल खिशात ठेवतो, हे मी स्वतः पाहिलंय.

काकांच्या दुकानातून निघालो की पुढचा थांबा रॉयल ऑपेरा हाउस. पंचम जॉर्जच्या हस्ते १९११ साली उद्घाटन झालेलं हे थिएटर बरीच वर्षं कुलुपात होतं, २०१६ साली पुन्हा उघडलं. तिथून जवळच बी. आर. देवधरांनी १९२५ साली काढलेल्या संगीतशाळेची हकीकत, जिथे कुमार गंधर्व शिकले. मग केनेडी ब्रिज, काँग्रेस हाउसच्या बाजूच्या गाणाऱ्या बायकांची वस्ती. तिथे फोटो नाहीत, बोटं दाखवणं नाही. खालून लोकल जात असताना बोलायचंही नाही, कारण पुलावर ओरडणारा गाइड बघवत नाही. शेवटी एका वाडीत. वाडीचं नाव इथे लिहीत नाही, कारण पुढे येईल.

मधली वर्षं बरी गेली.

मग एका मोठ्या टूर कंपनीचा एक तरुण आमच्या वॉकला आला. पुन्हा आला. फोन छातीशी धरून सगळं रेकॉर्ड करत होता. मला वाटलं, आवड आहे. थोड्याच दिवसांत त्यांचा वॉक सुरू झाला: तोच मार्ग, तेच विनोद, काकांचं वाक्यसुद्धा, आणि पैसे आमच्या निम्मे. चाळीस माणसं, गळ्यात माइक, हातात झेंडा. आमच्या मार्गात एका खिडकीखालचा थांबा आहे. वर संध्याकाळी गाण्याचा क्लास भरतो, पोरींचा रियाज खाली ऐकू येतो, म्हणून आम्ही तिथे साडेसहाला पोचतो. यांनी तो थांबाही उचलला, पण वॉक ठेवला सकाळी सातला. चाळीस माणसं बंद खिडकीकडे बघत दहा मिनिटं उभी. मी समोरच्या फुटपाथवरून हे पाहिलंय आणि मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू?

आनंद टिकला नाही. चाळीस माणसं रविवारी सकाळी वाडीत शिरून माइकवर बोलली, कुणी वाळत घातलेल्या कपड्यांचे फोटो काढले. वाडीने फलक लावला: बाहेरच्या ग्रुपना प्रवेश बंद. त्यात आम्हीही आलो. वाडी गेली की आमच्या वॉकचा शेवट गेला, बुकिंग निम्म्यावर आलं. काका त्याच सुमारास गुडघ्यांनी घरी बसले. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०८ साली मुंबईत गांधर्व महाविद्यालय काढलं, कर्ज काढून इमारत बांधली आणि ती कर्जापायीच गेली, ही गोष्ट मी वॉकमध्ये तोवर फार चवीने सांगत असे. त्या काळात सोडूनच दिली.

वाडी परत मिळाली ती आमच्या एका मावशींमुळे. मावशी जुन्या ग्राहक, दर पावसाळ्यात नवीन माणूस घेऊन येणाऱ्या. लहानपणी गिरगावातल्या लक्ष्मीबागेतल्या गाण्याच्या बैठका जिन्यात बसून ऐकलेल्या. माझी तारीख चुकली की सर्वांदेखत खोकणाऱ्या. त्या एकट्या वाडीत गेल्या, सेक्रेटरींच्या घरी चहा प्यायल्या आणि अटी लिहून घेऊन आल्या: बारा माणसं, माइक नाही, रविवार नाही, साडेसातच्या आत बाहेर. "यात तुमचं काय गेलं?" मला म्हणाल्या. काही गेलं नव्हतं. आम्ही पहिल्यापासून तेच करत होतो. तरी सही मात्र मला करावी लागली, चाळीसवाल्यांना नाही.

त्यांचा गिरगावचा वॉक आता बंद आहे. तोटा झाला म्हणून. लाज वाटली म्हणून नव्हे. माहितीपत्रकात काकांचं वाक्य अजून तसंच छापलेलं आहे. काकांना दाखवलं तर म्हणाले, "शुद्धलेखन तरी बरं आहे का?"

पावसाळा संपला की धोबीतलावचा वॉक सुरू करतोय: १८६५ सालापासून चालत आलेलं फुर्तादोंचं वाद्यांचं दुकान, जेर महालातले गोंयकारांचे कूड, म्हणजे गावागावांच्या राहायच्या खोल्या, आणि १७ एप्रिल १८९२ रोजी गोव्यात नव्हे तर मुंबईत झालेला पहिला तियात्र, म्हणजे कोंकणी संगीत-नाटक. भेट जेर महालाच्या कोपऱ्यावर, शनिवारी साडेचारला. जागा बारा. तेरावा फोन आला तर पुढचा शनिवार.