वरची दोन भोकं

आळंदीचं प्रस्थान, पुण्यातले दोन मुक्काम गर्दीतच गेले. लिहायचंय ते दिवे घाटाच्या दुपारबद्दल, आणि अण्णांबद्दल.

अण्णा म्हणजे माझे आजोबा. मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये, जंगी पलटणीत नाईक. डिसेंबर १९७१ च्या बांगलादेश युद्धात ही पलटण ब्रह्मपुत्रा ओलांडून जमालपूरच्या दक्षिणेला उतरली आणि पाकिस्तानच्या बलुच पलटणीची ढाक्याकडची वाट अडवून बसली. १० आणि ११ डिसेंबरच्या मधल्या रात्री मोठी चकमक झाली. त्या रात्रीबद्दल अण्णा दोन वाक्यांपुढे कधी गेले नाहीत. पायांबद्दल मात्र तासभर बोलत.

नवा जोडा वारीत घालायचा नाही, महिनाभर रोज चालून मुरवलेला हवा. दुपारनंतर पाय सुजतात, म्हणून जोडा अर्धा नंबर मोठा घ्यायचा, तोही संध्याकाळी मापून. नखं निघायच्या चार दिवस आधी सरळ कापायची. कोपरे गोल केले की नख मांसात घुसतं. मोजे दोन घालायचे, आतला पातळ, बाहेरचा जाड, म्हणजे घासाघीस मोज्यामोज्यांत होते, कातडी वाचते. विसाव्याला आधी जोडा काढायचा, मग पाणी प्यायचं. "ओल्या मोज्यातली कातडी भिजलेल्या पापडासारखी असते बाळा, हात लावला की निघते."

पेन्शनीत आल्यावर ते दरवर्षी आमच्या दिंडीत टाळ घेऊन चालले. गेल्या कार्तिकात गेले. त्यांचे टाळ यंदा माझ्या हातात होते. दोरीच्या जागी त्यांनी बुटाची जुनी खाकी नाडी ओवलेली, मधे एकच गाठ, घामाने काळी आणि दगडासारखी घट्ट.

पुणे-सासवड ही सगळ्यांत लांब मजल, तीस किलोमीटरच्या वर. त्यात वद्य एकादशीचा उपवास. वडकीला पाऊस आला, मोजे भिजले. घाटात रथाला जादा बैलजोड्या जुंपतात, त्या बघायला कठड्यावर माणसांची रीघ लागलेली. फोटो काढणारे थेट दिंडीच्या ओळीत घुसत होते. मृदंग पुढे, विणेकरी मागे आणि मधे अनोळखी पाठी; ठेका तुटत होता. राग आला, खरंच आला. त्याच रागात उजवी नाडी तुटली, तरी मी ओळ सोडली नाही.

चढावर टाच जोड्यात वर-खाली होते. आधी नुसती ऊब जाणवते. तिथेच थांबून चिकटपट्टी लावली तर फोड टळतो. दहा मिनिटं उशीर केला की पाणी धरतं. झेंडेवाडीच्या विसाव्याला जोडा काढला तेव्हा रुपयाएवढा फोड टरारून आला होता.

रस्त्याकडेला एक चर्मकार बाबा गोणपाटावर बसून वारकऱ्यांच्या चपला शिवत होते. त्यांनी आधी जोड्यात बोट घातलं. "अस्तर फाटलंय माउली, घडी पडलीय. तीच खाते टाच." त्यांनी घडी कापली, चामड्याचा पातळ तुकडा डकवला, कडा ऐरणीवर ठोकून सपाट केली आणि पुन्हा बोट फिरवून पाहिलं. नाडीसाठी मी टाळांची गाठ सोडायला लागलो तर त्यांनी हात धरला. "ती राहू द्या. टाळाची हाय." स्वतःच्या डबीतून काळी नाडी काढली आणि वरची दोन भोकं कधी न ओवलेली पाहून विचारलं, "ही काय शोभेला हायेत व्हय?"

प्रत्येक बाजूला वरच्या दोन भोकांतून नाडीचा लहान फास करायचा, समोरची नाडी त्यातून घेऊन मागे खेचायची, मग गाठ मारायची. टाच जखडते, बोटं मोकळी राहतात. अण्णा असंच बांधायचे. मला लहानपणी दहादा दाखवलं होतं आणि मला ते म्हाताऱ्याचं खूळ वाटायचं. गोणपाटाशेजारी बसून रडलो. बाबांनी पैसे घेतले नाहीत, पायाला हात लावला आणि पुढची चप्पल उचलली.

फोडाचं सांगतो. कातडी सोलायची नाही. सुई स्पिरिटने पुसून फोडाच्या खालच्या कडेला दोन भोकं पाडायची, स्वच्छ कापसाने दाबून पाणी काढायचं, बीटाडीन लावून वर सैल पट्टी. जुने लोक आत दोरा ठेवतात. तो ठेवू नये, त्यातून जंतू शिरतात. रात्री पट्टी काढून पाय उघडा ठेवायचा.

सासवडला समाजआरतीच्या वेळी चोपदारांनी दंड उंचावला आणि सगळे टाळ एकदम थांबले. माझ्या हातातले अण्णांचे टाळ नाडीवर जरासे हलत राहिले. मी मुठीत धरले.

जेजुरी, वाल्हे, नीरास्नान, चांदोबाचा लिंब. फोड फलटणपर्यंत सुकला.