अंतूर ते नळदुर्ग: जीपची नवी आसने आणि काळ्या मातीचे रस्ते

मराठवाड्यात वाहन चालवणाऱ्याला एकाच दिवसात दोन अगदी वेगळ्या रस्त्यांना सामोरे जावे लागते. एकीकडे धुळे–सोलापूर हा राष्ट्रीय महामार्ग ५२ आहे, रुंद, चौपदरी आणि तासन्‌तास एका वेगात नेणारा. आणि त्यावरून थोडे आत वळले की काळ्या मातीवर टाकलेले गावरस्ते सुरू होतात. ही माती पावसाळ्यात पाणी धरून फुगते, उन्हाळ्यात भेगाळून आकसते, तिच्यावरचे डांबरही तिच्यासोबत वरखाली होत राहते आणि मग रस्त्यात एकही खड्डा नसताना गाडी लाटांवरच्या होडीसारखी डोलू लागते. त्याही पलीकडे, अजिंठ्याच्या डोंगररांगेत, रस्ता म्हणजे उघडा पडलेला काळा कातळ आणि सुटे धोंडे.

आमची जीप जुन्या बांधणीची आहे. चारही चाकांना पाटे म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, पुढेमागे अखंड अ‍ॅक्सल, चारही चाकांना जोर देण्यासाठी वेगळा दांडा, पुढे दोन आसने आणि मागे समोरासमोर दोन बाक. डोंगरवाटेवर ती अत्यंत भरवशाची आहे. मात्र तिची पुढची आसने त्या काळाच्या पद्धतीप्रमाणे सपाट होती, पाठ खांद्याच्या खालीच संपत होती, डोक्याला आधार नव्हता आणि वर्षानुवर्षांच्या वापराने आतला फोम पार बसला होता. वळणावर शरीर बाजूला सरकू नये म्हणून स्टिअरिंगलाच धरून राहावे लागे, आणि ज्या चाकाने गाडी वळवायची त्यालाच शरीराचा भार टांगणे मला सुरक्षित वाटत नव्हते.

आसन बदलायचे म्हटले की बहुतेक जण आधी मऊपणा पाहतात. मला हा विचार अपुरा वाटतो. बसलेल्या माणसाचे शरीर सेकंदाला साधारण ४ ते ८ वेळा होणाऱ्या उभ्या कंपनांना सर्वाधिक संवेदनशील असते. त्या गतीला कणा आणि पोट बाहेरच्या हादऱ्यापेक्षाही जास्त हलू लागतात. जाड आणि अतिमऊ फोम नेमका याच पट्ट्याच्या आसपास माणसाला उसळवतो, आणि मोठा दणका आला की पूर्ण दबून तळाच्या पत्र्याला टेकतो. दुकानात दोन मिनिटे बसून जे आसन सुखाचे वाटते ते कन्नड गावापर्यंतही सुखाचे राहीलच असे नाही. खालचा थर घट्ट, वरचा पातळ थर नरम, कमरेच्या पोकळीत भरीव आधार आणि मांडीखाली गुडघ्यामागे दोन-तीन बोटे जागा सुटेल एवढी लांबी, या गोष्टी मला मऊपणापेक्षा अधिक मोलाच्या वाटतात.

छत्रपती संभाजीनगरात या कामासाठी फार शोधावे लागत नाही. वाळूज आणि चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतींमुळे गाड्यांचे सुटे भाग बनवण्याचे कौशल्य या शहरात मुरलेले आहे, आणि पत्रा, वेल्डिंग, गादीकाम असे सर्व जाणणारे मिस्त्री येथे भेटतात. आम्ही ज्यांच्याकडे गेलो त्यांनी जीप पाहताच विचारले, "दादा, गादी भरून घ्यायचीय का सीट बसवायचीय? गादी संध्याकाळपर्यंत देतो. सीट बसवायची असेल तर गाडी ठेवून जावी लागेल." मी सीट बसवायची आहे म्हणालो, तसे त्यांनी लगेच टेप काढून मापे घ्यायला सुरुवात केली. दरवाजा आणि मधला गिअरचा उंचवटा यांतील रुंदी, जमिनीपासून स्टिअरिंगच्या खालच्या कडेपर्यंतची उंची, छताच्या आडव्या नळीपासून माझ्या डोक्याचे अंतर, हे सर्व त्यांनी मला बसवून मोजले.

जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून आम्ही एका लहान मोटारीची पुढची दोन आसने निवडली. उंच पाठ, डोक्याचा आधार, मागेपुढे सरकणारे चॅनेल आणि पाठ कलती करण्याचा खटका, सर्व चालू स्थितीत होते. ज्या आसनाच्या बाजूच्या शिवणीत एअरबॅग असते किंवा बेल्टच्या बक्कलला स्फोटक ताणयंत्रणा जोडलेली असते, असे आसन दुसऱ्या गाडीत बसवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण ती यंत्रणा मूळ गाडीच्या सेन्सरशिवाय निरुपयोगी ठरते आणि हाताळताना धोकाही निर्माण करते. कडा फार उंच असलेली शर्यतीच्या धाटणीची आसनेही तेथे होती. परंतु डोंगरात चालकाला वारंवार बाहेर वाकून चाकाखालचा दगड पाहावा लागतो, सतत चढ-उतार करावी लागते, आणि त्या उंच कडा तेथे अडचणीच्या होतात. वरचे कापड आम्ही रेक्झिनऐवजी जाड विणीचे घेतले. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो तेव्हा उन्हात उभ्या केलेल्या गाडीतील रेक्झिनवर बसणे किती कठीण असते, हे येथील प्रत्येकाला माहीत आहे.

खरे काम बसवण्याचे होते. नव्या आसनाच्या चॅनेलची भोके जीपच्या जुन्या भोकांशी जुळत नव्हती, म्हणून मिस्त्रींनी लोखंडी पट्ट्यांचे दोन साटे, म्हणजे आसनाखालच्या चौकटी, गाडीबाहेर तयार करून वेल्ड केले आणि ते नंतर आत नटबोल्टने कसले. फरशीच्या पत्र्याला नवे भोक पाडण्याआधी ते गाडीखाली आडवे झाले आणि डिझेलची व ब्रेकची नळी कोठून जाते ते खडूने वर उमटवून घेतले. ही काळजी कोणीही टाळू नये. पातळ पत्र्याला नुसता वायसर लावून बोल्ट कसला तर जोराच्या धडकेत तो पत्रा फाडून वर येऊ शकतो. म्हणून प्रत्येक बोल्टखाली, गाडीच्या तळाकडून, तळहाताएवढी ३ मिलिमीटर जाडीची पोलादी पट्टी बसवली. बोल्ट जास्त ताकदीचे, ८.८ ग्रेडचे, आणि नट नायलॉनच्या कड्याचे घेतले. सीटबेल्ट अडकवण्याचे मूळ बिंदू बॉडीवर होते तेथेच ठेवले, आणि आसन उंचावल्यामुळे कमरेचा पट्टा पोटावर न चढता नितंबाच्या हाडावरच बसतो ना, हे मिस्त्रींनी स्वतः बसून पाहिले.

पहिली कसोटी अंतूर किल्ल्याच्या वाटेवर झाली. वेरूळ, कन्नड मागे टाकून नागापूरकडे वळलो तेव्हा कार्तिकातली कोवळी थंडी होती आणि कपाशी फुटलेली होती. नागापूरपासून किल्ल्याकडे जाणारी कच्ची वाट झाडीतून, ओढ्यांतून आणि दगडांवरून जाते. निजामशाहीच्या काळातील, फारसी लेखाने वाटा दाखवणारा दिशादर्शक दगड या परिसरात आहे; ही वाट एके काळी किती महत्त्वाची असेल याची त्यावरून कल्पना येते. लो गिअरमध्ये, चालण्याच्या वेगाने, एक चाक धोंड्यावर आणि दुसरे घळीत असे जाताना जीप एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे झुकते. पूर्वी त्या झुकण्याबरोबर माझे शरीरही सरकत असे आणि क्लचवरचा पाय नकळत हलत असे. आता कंबर आसनात स्थिर राहिली, पाय स्वतंत्रपणे काम करू लागले, आणि पुढचा दगड नीट पाहून चाक हव्या त्या जागी ठेवता येऊ लागले. आसनाचा संबंध सुखाशी आहे तितकाच गाडीवरील ताब्याशी आहे, हे त्या वाटेवर मला पुरते पटले. किल्ल्याच्या कातळात खोदलेल्या खंदकापाशी पोहोचलो तेव्हा खांदे आणि हात मोकळे होते, आणि पूर्ण गड फिरण्याइतकी उमेद शिल्लक होती.

मार्गशीर्षात मोठ्या आत्यांना तुळजापूरला घेऊन जायचे ठरले. निघण्याच्या आदल्या दिवशी त्यांना जीपमध्ये बसवून पाहिले, तेव्हा त्या म्हणाल्या, "अरे, पाय तरंगताहेत बघ माझे." आत्यांची उंची कमी असल्यामुळे आसनाची पुढची कड मांडीला खालून दाबत होती, आणि असा दाब तासभर राहिला तर पायाला मुंग्या येणारच. मिस्त्रींनी डाव्या साट्याखालच्या पुढच्या चकत्या काढून आसनाची पुढची बाजू थोडी उतरवली आणि पायाखाली उतरत्या फळीचा आधार दिला. दोन माणसांची शरीरे वेगळी असतात, तेव्हा दोन्ही आसने एकाच उंचीवर बसवण्याचा आग्रह धरू नये असे मला वाटते.

पाचोड, गेवराई, बीड असा महामार्ग सलग चालत राहिला. उसाने भरलेल्या ट्रॉल्या डाव्या बाजूने जात होत्या आणि त्यांना ओलांडताना सावध राहावे लागत होते. मोठ्या नक्षीच्या टायरची घरघर या गाडीत कमी होत नाही; आसन बदलल्याने ती कमी होईल अशी अपेक्षाही कोणी ठेवू नये. बीडला मी विचारले, "आत्या, थांबू का? पाय मोकळे करायचेत?"

"नको रे, मांजरसुंब्याला थांबू. तिथं चहा घेऊ," त्या म्हणाल्या आणि पुन्हा बालाघाटाच्या डोंगरांकडे पाहू लागल्या. एरवी प्रवासात त्या कमरेमागे शाल गुंडाळून ठेवतात. ती शाल येरमाळ्यापर्यंत मागच्या बाकावरच पडून होती.

दर्शन झाल्यावर दुसऱ्या दिवशी नळदुर्ग पाहिला. बोरी नदीचे पाणी अडवणाऱ्या बंधाऱ्याच्या पोटातच बांधलेला पाणीमहाल आत्यांनी पायऱ्या उतरून, सावकाश, पण स्वतःच्या पायांनी पाहिला. किल्ल्याबाहेर मी गाडीखाली पाहून सर्व बोल्ट तपासले. कसताना नट आणि पट्टीवर ओढलेली पांढऱ्या रंगाची रेघ कोठेही सरकलेली नव्हती. नव्या बसवणीनंतर काही शे किलोमीटरनी ही तपासणी आवश्यक असते, कारण रंगाचा थर दबून बोल्ट सैल पडू शकतो.

मागच्या आडव्या बाकांचा प्रश्न मात्र बाकी आहे. तेथे बेल्ट नाहीत, आणि बाजूला तोंड करून बसलेल्या माणसाची मान प्रत्येक ब्रेकला वाकडी होते. त्यांच्या जागी पुढे तोंड असलेली दोनच आसने बसवावीत असा आमचा विचार आहे. पुढच्या बदलाने बैठकांची संख्या तीच राहिली होती; मागच्या बदलाने ती घटेल, म्हणजे नोंदणी पुस्तकातील तपशील बदलेल, आणि मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे असा बदल परस्पर करता येत नाही. मिस्त्रींनी मापे घेऊन ठेवली आहेत. आरटीओकडून मंजुरी मिळेपर्यंत लोखंड कापायचे नाही, असे आम्ही ठरवले आहे.