रोज तीस ओव्या

ज्ञानेश्वरी असते पुष्कळ घरांत, वाचली जाते थोड्या. लग्नात कुणा मामा-काकांनी आहेरात दिलेली सार्थ प्रत देव्हाऱ्याशेजारी तांबड्या फडक्यात बांधून ठेवलेली असते आणि तिच्या पुठ्ठ्यावर सणावाराच्या हळदीकुंकवाचा थर चढत जातो. मध्ये तीस-पस्तीस वर्षं संसार होतो. मुलं शिकून पुण्याला, बंगळुरूला, न्यू जर्सीला पांगतात, नोकरी संपते, आणि एके सकाळी चहाचे कप विसळून झाल्यावर दोघांच्याही लक्षात येतं की आता जेवणापर्यंत बोलण्यासारखं फारसं काही नाही. दुधाचा हिशेब झाला, मुलाचा फोन येऊन गेला, गुडघ्यांची चौकशी कालच झाली. फडकं सुटतं ते साधारण या सुमारास.

नवराबायकोनं मिळून पोथी वाचावी हा सल्ला जुनाच आहे. कशी वाचावी हे मात्र कुणी सांगत नाही आणि गाडं तिथंच अडतं.

पहिली चूक उत्साहाची. गावच्या सप्ताहात सात दिवसांत पारायण होतं, मग घरी व्हायला काय हरकत आहे, असं वाटतं. प्रचलित प्रतीत ज्ञानेश्वरीच्या ओव्या 9033 आहेत, प्रतीप्रतीत थोडा फरक. सातानं भागलं की रोजच्या जवळजवळ तेराशे. मोठ्यानं, न अडखळता वाचलं तर मिनिटाला पाचेक ओव्या होतात, म्हणजे सव्वाचार तासांची बैठक. सप्ताहात पुढे व्यासपीठचालक असतो, मागे शंभर गळे असतात आणि पंगतीचं बघायला वेगळी माणसं असतात. घरी तिसऱ्या दिवशी घसा बसतो, चौथ्या दिवशी नेमका गॅसचा सिलिंडर येतो आणि पाचव्या दिवशी "तुम्हीच म्हणाला होतात" इथून सुरुवात होते. पोथी पुन्हा फडक्यात.

त्यापेक्षा रोज तीस ओव्या धराव्यात. तीनशे एक-दोन दिवसांत ग्रंथ होतो. आपलं पंचांगाचं वर्ष 354 दिवसांचं, त्यामुळे पाडव्याला आरंभ केला तर पुढच्या पाडव्याच्या आत पन्नासेक दिवस खाड्यासाठी हाताशी राहतात. सुतक, लग्नकार्यं, लेकीकडे आठ दिवस, एखादा सर्दीतापाचा आठवडा, सगळं त्यात बसतं. अधिक महिना आला तर चैनच. पंचवीसनं चालणाऱ्यांना 362 दिवस लागतात, एकही खाडा न करता. साध्या वर्षात पाडवा निघून जातो तरी अठरावा अध्याय हातात असतो, आणि खाडा कुणामुळे पडला याचा हिशेब सुरू होतो. पाच ओव्यांचा प्रश्न आहे, मिनिटभराचा.

अध्याय सारखे नाहीत हे आधीच ठाऊक असलेलं बरं. पाचवा 180 ओव्यांचा, सहा दिवसांत हातावेगळा होतो आणि आपल्याला जमतंय असं वाटायला लागतं. तेराव्यात साडेअकराशेहून जास्त ओव्या आहेत, तिथं चाळीस दिवस जातात. अठराव्याला दोन महिने. वाचन सुटतं ते बहुधा तेराव्यात, कारण महिना उलटला तरी अध्याय बदलत नाही. म्हणून खूण अध्यायाची न ठेवता ओवीची ठेवावी. मोरपीस दिसायला छान, पण ते घसरतं. पेन्सिलीनं ओवीच्या अंकापुढे बारीक टिंब करावं आणि समासात तारीख घालावी. मोठ्या टायपाची सार्थ प्रत चांगली जड असते. ती मांडीवर घेऊन वाचली की मधोमध दबून शिलाई सुटते आणि तेराव्या अध्यायाची पानं हातात येतात. लाकडी ठवणी घ्यावी, किंवा पाटावर उशी ठेवून तिच्यावर पोथी.

आता वाचायचं कुणी? बहुतेक घरांत आपोआप असं ठरतं की यजमानांनी धीरगंभीर आवाजात ओवी वाचायची, अर्थही त्यांनीच वाचायचा आणि बाईंनी मेथी निवडत ऐकायचं. मेथीला हरकत नाही. हात गुंतलेले असले की कान मोकळे राहतात. मेथी चालते, शेंगा सोलणं चालतं, मिक्सर चालत नाही. हरकत आहे ती दोन्ही कामं एकाकडे देण्याला. सार्थ प्रतीत ओवी ठळक, मोठ्या टायपात असते आणि खालचा अर्थ बारीक. तेव्हा ज्याची नजर त्यातल्या त्यात बरी त्यानं अर्थ वाचावा, ज्याचा आवाज बरा त्यानं ओवी. दोघांचे चष्मे वेगळे, कामं वेगळी. एकाची ओवी संपल्याशिवाय दुसऱ्याला तोंड उघडता येत नाही, आणि तीस-पस्तीस वर्षांच्या संसारात हा नियम एरवी कधीच पाळला गेलेला नसतो.

ओवीचे चरण साडेतीन. पहिल्या तिघांना यमक, चौथा तोकडा. श्वास त्या तोकड्या चरणानंतर घ्यायचा. नवखा माणूस प्रत्येक चरणाला श्वास घेतो, ओवीचे तुकडे पडतात आणि ऐकणाऱ्याला झोप येते. शेवटचे अनुस्वार, म्हणजे तें, जैसें, आतां यांच्या डोक्यावरचे, आज कुणी उच्चारत नाही. ते नाकात घुमवण्याच्या फंदात पडू नये. पण अर्थ लावताना ते डोळ्याआड करूनही चालत नाही. 'घरीं' म्हणजे घरात, हे त्या टिंबावरूनच कळतं.

खरी कटकट दुरुस्तीची. वाचणारा अडखळला की ऐकणारा लगेच बरोबर शब्द पुरवतो, वाचणारा म्हणतो "तेच म्हणत होतो", आणि तीस ओव्यांत तीनदा असं झालं की चौथ्या वेळी आवाज चढतो. नियम सोपा करावा: ओवी संपेपर्यंत बोलायचं नाही, आणि अर्थ बदलत नसेल तर नंतरही बोलायचं नाही.

तेराव्या अध्यायाबद्दल मघाशी जरा भीती घातली, पण संसारी माणसांनी थांबून वाचावा असा भाग तिथंच आहे. ज्ञानाची लक्षणं सांगताना माउली अहिंसेपाशी येतात आणि शंभरावर ओव्या तिथून हलतच नाहीत. अहिंसक माणूस चालतो कसा, बघतो कसा, हात कसा उचलतो. केसर कुस्करेल या शंकेनं भुंगा कमळावर पाय हलके ठेवतो, तसा तो जमिनीवर पाऊल टाकतो. मग बोलण्याची पाळी येते:

पुढां स्नेह पाझरे । मागां चालती अक्षरें ।
शब्द पाठीं अवतरे । कृपा आधीं ॥

आधी माया पाझरते, अक्षरं तिच्या मागून चालत येतात. पुढे माउली सांगतात की असा माणूस मुळात बोलतच नाही आणि बोलायचं झालंच तर आपला शब्द कुणाला खुपेल का याचीच त्याला धास्ती. सकाळी सातला हे वाचून होतं आणि सव्वासातला "टॉवेल कुठे ठेवलाय माझा?" अशी आरोळी जाते. ओवीचा परिणाम किती झाला, हे मोजायच्या भानगडीत पडू नये.

त्याहून वाईट म्हणजे ओवी हत्यार म्हणून वापरणं. सोळाव्या अध्यायात दंभ, दर्प, अभिमान, क्रोध, कठोरपणा अशी आसुरी संपत्तीची यादी आहे, आणि वाचता वाचता एखाद्या शब्दापाशी भुवई उचलून समोर बघायचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही. दासबोध घेतला तर हा प्रसंग फारच लवकर येतो. वीस दशक, प्रत्येकात दहा समास, एकूण 200. रोज एक समास म्हटलं तर अकराव्या दिवशी मूर्खलक्षण. यात आपण कुठेच नाही आणि समोरचं माणूस मात्र ओवी-ओवीला भेटतंय, असं दोघांनाही एकाच वेळी वाटतं. तो समास ज्याचा त्यानं मनातल्या मनात वाचावा, असं माझं मत आहे. आणि भांडणात पोथीचा दाखला देणं तर पूर्ण बंद. "बघ, माउली काय म्हणतात" या वाक्यानं आजवर कुणाचंही मतपरिवर्तन झालेलं नाही. दुसऱ्या दिवशीचं वाचन तेवढं बुडतं.

आरंभाला गुरुचरित्र घेऊ नये. श्रद्धेत कमीजास्त काही आहे म्हणून नव्हे. त्याच्या सप्ताहाला सोवळं, ठरलेली वेळ, जेवणाचे नियम, चटईवर झोपणं असा मोठा शिस्तीचा बारदाना आहे, आणि बायकांनी ते वाचू नये असा जुना दंडक काही घरांत अजून उगाळला जातो. ज्या वाचनाची सुरुवातच एकाला दाराबाहेर ठेवून होते ते जोडप्याच्या काय कामाचं? वेळ खरंच नसेल तर संध्याकाळी हरिपाठ म्हणावा, पंधरा-वीस मिनिटांत होतो. गजानन महाराजांच्या भक्तांच्या घरात त्यांची एकवीस अध्यायांची पोथी आधीपासून असतेच. गोव्यातल्या ख्रिस्ती घराण्यांनी फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण असंच म्हटलं. 1616 साली छापलेल्या त्या ग्रंथात अकरा हजारांच्या आसपास मराठी ओव्या आहेत. देव वेगळा, घाट तोच. दोघांपैकी एकाची श्रद्धा असेल आणि दुसऱ्याची नसेल तरी अडत नाही. नसलेल्यानं अर्थाची बाजू घ्यावी. शंका काढणारा माणूस टीपा मन लावून वाचतो.

या ग्रंथांत सुखी संसाराची कृती शोधणाऱ्यांची मात्र निराशा होणार. ज्ञानदेवांनी लग्नच केलं नाही. रामदास बोहल्यावरून निघून गेले अशी कथा आहे, आणि दासबोधाच्या तिसऱ्या दशकात त्यांनी प्रपंचाचे जे हाल रंगवले आहेत ते वाचून कुणी मुलगी बघायला जाणार नाही. एकनाथ मात्र पक्के गृहस्थ. गिरिजाबाई, एक मुलगा, दोन मुली, आल्यागेल्याचं जेवणखाण, आणि त्यातूनच भागवताच्या एकादश स्कंधावरचे एकतीस अध्याय लिहून झाले. तुकोबांच्या घरी जिजाईचा त्रागा होता आणि तो त्यांनी लपवला नाही. घरात दाणा नाही आणि हा टाळ कुटतोय, हे तिचं बोलणं त्यांनी अभंगात घातलं. मला तर वाटतं, तिची बाजू इतकी नीट मांडणारा दुसरा वकील तिला मिळाला नसता.

सगळ्यांत अवघड संसार बहिणाबाईंचा, शिऊरच्या. अगदी लहानपणी लग्न, नवरा वयानं कितीतरी मोठा बिजवर. ब्राह्मणाच्या बायकोनं शूद्र तुकोबांना गुरू मानावं हे त्याला सहन होईना. त्यानं तिला मारलं, घर सोडून जायची तयारी केली. मग त्याला दुखणं आलं, तिनं त्याचं सगळं केलं, त्याचं मन फिरलं आणि दोघं मिळून देहूला गेली. हे सगळं तिनं स्वतःच अभंगांत लिहून ठेवलं आहे, मारासकट. आजच्या घरात हे वाचताना ते "पतिव्रतेची महती" म्हणून गोड करून वाचू नये. बाई रागावून लिहिते, घाबरून लिहिते, तशी ती वाचावी. इथं अर्थ सांगणारा गप्प बसला तरी चालेल.

दांपत्यावरचं सर्वांत सुंदर मराठी लिखाण शोधायचं झालं तर ते त्या लग्न न केलेल्या ज्ञानदेवांनीच केलं आहे. अमृतानुभवाच्या पहिल्या प्रकरणात शिव आणि शक्ती यांचं जोडपं येतं. दोन ओठ आणि बोलणं एक, दोन डोळे आणि दृष्टी एक, दोन दिवे आणि उजेड एक. त्याआधी एक ओवी आहे, तिचा भाव असा: घरात दोघंच, आणि धनी अंथरुणावर पडले की मालकीण जागी राहून दोघांचंही दांपत्य एकटी सांभाळते. तत्त्वज्ञान पुष्कळ खोल आहे, भाष्याशिवाय पुढे सरकता येत नाही. पण ओव्या वाचत असताना ज्या घरात यजमानांची मान हळूहळू छातीवर येते आणि बाई आवाज न बदलता राहिलेल्या बारा ओव्या पुऱ्या करतात, तिथं या ओवीला टीपेची गरज पडत नाही. पहिलं प्रकरण छोटं आहे. ज्ञानेश्वरी एकदा झाली की मग हे घ्यावं.

अठरावा संपत आला की शेवटी पसायदान येतं. ते पाठच असतं, त्यामुळे त्या दिवशी तीसच्या जागी चाळीस ओव्या झाल्या तरी चालतात. शिरा करावा, शेजारी द्यावा. मग पुढचा ग्रंथ कोणता यावर आठवडाभर खल होतो. एकाला एकनाथी भागवत हवं असतं, दुसऱ्याला दासबोध. ज्यांचं जमत नाही ते पुन्हा पहिला अध्याय काढतात, फक्त या खेपेला ओवी तिनं वाचायची आणि अर्थ त्यानं. त्यासाठी त्याचा चष्म्याचा नंबर तेवढा आधी तपासून घ्यावा लागतो.